चष्म्याची खूण

“नाव काय टाकू मॅडम?” मेघनानं माझा मोबाइल हातात धरून विचारलं.

“नाव कशाला? मला काय निवडणुकीला उभं राहायचंय?”

“अहो, खेळायला लागतं. समोरच्याला कळायला नको का, कुणाशी खेळतोय ते?”

“न कळलेलंच बरं.”

मेघना आमच्या कारखान्यात स्टोअरला माझ्या हाताखाली होती. सव्वीस वर्षांची, गुणी, पण अखंड बडबडी. कारखान्याच्या जिन्यावरून पडून मी उजवा घोटा मोडून घेतला, तेव्हा स्टोअरमधून मला बघायला आलेली ती एकटीच. येताना डब्यात सांजा आणला होता. माझा पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, दोन उशांवर ठेवलेला. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते.

“तुम्ही पूर्वी कॅरम चॅम्पियन होता म्हणे? साहेब सांगत होते.”

“उपविजेती,” मी म्हटलं. “चॅम्पियन दुसऱ्याच होत्या.”

“तेच ते. म्हणून तर कॅरमचा गेम टाकून दिला. सगळं जग खेळतं हल्ली. बघा, तुम्ही नाव नाही दिलंत म्हणून त्यानंच दिलं, ‘पाहुणा ३१७’. आणि तुमच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांच्यापैकी कुणी खेळत असेल तर त्याचं नाव इथे खाली दिसेल. नावापुढे हिरवा ठिपका आला की समजायचं, माणूस जागेवर आहे.”

ती गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. चिपळूणला दुसऱ्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची जागा. लिफ्ट नाही. सकाळी सुशीला यायची, पोळीभाजी करून, मला आंघोळीला मदत करून तासाभरात निघून जायची. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दारावर कुणी थाप मारत नसे. रविवारी विरारहून भावाचा फोन यायचा. तो पाय कसा आहे विचारायचा, मग फोन वहिनीकडे द्यायचा, मग वहिनी पाय कसा आहे विचारायची. लग्न मी केलं नव्हतं, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण त्या सहा आठवड्यांत मला पहिल्यांदा समजलं, की सेहेचाळीस वर्षांत मी असं एकही माणूस जोडलं नव्हतं ज्याला फोन करून ‘कंटाळा आलाय, ये’ म्हणता येईल.

तो मोबाइलवरचा कॅरम म्हणजे आमच्या खेळाची थट्टाच होती. बोरिक पावडरचा वास नाही, नखाला ठणका नाही. काचेवर बोट मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं, गलोल मारल्यासारखं. पहिले तीन दिवस मी सपाटून हरले. समोरून कोण कुठली पोरंटोरं दात काढणारे पिवळे चेहरे पाठवायची. त्या खेळात बोलता येत नसे. ठरलेले दहा-बारा चेहरे होते, हसरा, रडका, जीभ काढलेला, काळा चष्मा घातलेला, त्यातला एक निवडून पाठवायचा. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की बोट खोटं असलं तरी कोन खरे आहेत. मग मी त्या पोरांना धुऊन काढलं.

आठव्या दिवशी दुपारी दोनला खाली एक नाव दिसलं. ‘निमा पार्टनर’. पुढे हिरवा ठिपका.

हा नंबर तीन वर्षांपूर्वी तिच्या बहिणीनं, लतानं, भाजीबाजारात दिला होता. “निमाताई धुळ्यालाच असते. कर की कधी फोन,” ती म्हणाली. मी तिच्यासमोर नंबर साठवला, ‘निमा पार्टनर’ असं लिहिलं, आणि एकदाही फोन केला नाही. निमा रेडीज आणि मी, हेमांगी शिगवण, सहा वर्षं दुहेरीत एकत्र खेळलो होतो. त्यानंतर चोवीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. न बोलायचं कारण माझ्याकडून घडलं होतं, तिच्याकडून नाही.

माझा नंबर तिच्याकडे नव्हता. तिला दिसणार होतं ते ‘पाहुणा ३१७’ एवढंच. मी तिला खेळायचं आमंत्रण पाठवलं. अर्ध्या मिनिटात बोर्ड उघडला.

ब्रेक माझा होता. स्ट्रायकर डाव्या टोकाला नेऊन मी डाव फोडला, ती माझी जुनीच खोड. मग तिची पाळी. पहिली सोंगटी तिनं अगदी हळू, काठावरून घरंगळत घातली. मला हसू आलं. धुळ्याला जाऊन, संसार करूनही बाईचा हात तसाच होता. चार फटक्यांनी लाल राणी अशी मोकळी झाली, की लहान मुलानंही घेतली असती. निमानं ती सोडली आणि शेजारची काळी घातली. राणी मी घेतली, कव्हर केली, जिंकले. तिनं हसरा चेहरा पाठवला. मीही पाठवला.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते अडीच हे आमचं ठरून गेलं. सकाळी सुशीला जाताना माझ्या उशाशी पाणी ठेवायची, तिला मी शेजारी चार्जरही ठेवायला सांगायला लागले. दोनला ठिपका हिरवा झाला की माझा जीव भांड्यात पडायचा. तीन डाव व्हायचे. ती बहुतेक हरायची, कारण राणी सोडायची. एखाद्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत ठिपका आला नाही तर मी पाय विसरून उठायला बघायची. मी कोण हे तिला कळलं तर ठिपका कायमचा जाईल याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून मी पाहुणाच राहिले. जगात मला तेवढा अर्धाच तास माणूस होतं, आणि तेही खोट्या नावावर.

शंका का नव्हती, ते सांगायला हवं.

दुहेरीत पार्टनर समोरासमोर बसतात. मध्ये बोर्ड, डावी-उजवीकडे प्रतिस्पर्धी. आणि नियम असा, की खेळ चालू असताना पार्टनरशी बोलायचं नाही. ओठ हलला तरी पंच डोळे वटारतो. इशारे करायलाही बंदी. म्हणून अर्थातच सगळे इशारे करत. आमचे दोनच होते. मी कानातलं चाचपलं की ‘राणी सोड, मी घेते’. मी चष्मा वर सरकवला की ‘राणी तू घे’. खुणा मीच ठरवल्या होत्या, आणि करायच्याही मीच. निमानं फक्त बघायचं.

सहा वर्षांत माझं कानातलं चाचपून चाचपून भोक मोठं झालं. चष्म्याची खूण मी एकदाही वापरली नव्हती. गरजच काय होती? राणी माझी. निमानं वाट मोकळी करायची, मी राणी उचलायची, पेपरात माझं नाव आधी यायचं. ती कधी काही म्हणाली नाही. क्लबातले सर एकदा म्हणाले होते, “हेमांगी, हिलाही एखादी मारू दे की.” मी म्हटलं होतं, “सर, जिंकायचंय ना?”

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात राज्य स्पर्धेची फायनल सांगलीला होती. त्या वर्षी चिपळूणजवळच्या लोट्याच्या एका कारखान्याला महिलांचा कॅरम संघ उभा करायचा होता, आणि पहिली एक मुलगी ते लगेच नोकरीवर घेणार होते. एकच जागा. कारखान्याचे पेठे साहेब फायनल बघायला खुर्ची टाकून बसले होते. नोकरी मला हवी होती, पण निमाला ती जास्त हवी होती. तिच्या वडिलांनी धुळ्याचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं.

“जिंकलो तर दोघींनाही घेतील गं,” सकाळी वेणी घालताना निमा म्हणाली होती. “दोघींना कसं नाकारतील?”

शेवटच्या गेमचा शेवटचा बोर्ड. दोन्ही बाजूंना एकेक सोंगटी उरलेली, आणि राणी बोर्डावर. जी राणी घेऊन कव्हर करेल ती जिंकणार. राणी निमाच्या बाजूला, तिच्या रेषेच्या मागे, फ्रेमला चिकटून पडली होती. माझ्याकडून ती सरळ समोर होती, डोळे मिटून घेतली असती. निमाला मात्र स्ट्रायकर माझ्याकडच्या फ्रेमवर आपटून परत आणायला लागणार होता. पाळी निमाची. तिनं फक्त एक साधा फटका मारून सोडून द्यायचं होतं. निमानंतर पाळी येणाऱ्या, तिच्या उजवीकडच्या मुलीला त्या जागची राणी मिळण्यासारखी नव्हती, मग मी होतेच. इतकं उघड होतं, की मी कानातल्याला हातही लावला नाही.

निमानं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा एकदम उजळला, कशानं ते मला समजलं नाही. मग ती खुर्चीत सरसावली, आणि तिनं राणीवर फटका मारला.

स्ट्रायकर माझ्याकडच्या फ्रेमवर आपटून परत गेला, राणीला लागला. राणी पॉकेटच्या ओठावर गेली, तिथे डुलली, आणि बाहेर आली. उजवीकडच्या मुलीच्या थेट समोर येऊन थांबली. त्या मुलीनं ती घेतली, कव्हर केली, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

पंचांनी हात वर करायच्या आत मी खुर्चीवरून उठले. “राणीला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?”

सगळा हॉल ऐकत होता. पेठे साहेब ऐकत होते. निमानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, “कुणी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट लागल्यावर निमा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “हेमे, तू चष्मा वर केलास ना?”

आणि मला आठवलं. बोर्डावर लटकणाऱ्या दिव्याची झळ तोंडावर येत होती, घामानं चष्मा नाकावरून घसरत होता, आणि मी तो बोटानं वर सरकवला होता. मला पत्ताही नव्हता. नाकावर माशी बसल्यावर आपण हात हलवतो, तेवढंच ते.

“मी? नाही,” मी म्हटलं.

“केलास गं. मी दोनदा बघितलं.”

“मी कशाला करू? राणी माझ्या समोर होती. मला वेड लागलंय का?”

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी पेठे साहेबांनी आम्हा दोघींना मुलाखतीला बोलावलं, एकाच वेळी, एकाच टेबलापुढे. “शेवटचा तो फटका काय होता?” त्यांनी विचारलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होते. त्या क्षणी तोंड उघडायचं होतं, मला माहीत होतं. खुणा करत होतो हे सांगावं लागलं असतं, दोघींचीही बदनामी झाली असती, अशी मी स्वतःची समजूत घातली. निमा म्हणाली, “माझी घाई झाली.” साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आठवड्यानं पत्र माझ्या घरी आलं, आणि डिसेंबरात निमा लग्न होऊन धुळ्याला गेली. लग्नाला मी गेले नाही. नवी नोकरी, रजा नाही, असं कळवलं.

पुढे दोन वर्षांतच कारखान्यानं कॅरमचा संघ बंद केला. मला स्टोअरला बसवलं, आणि मी तिथेच राहिले.

तर हे असं होतं. आणि आता चोवीस वर्षांनी, पाय उशीवर ठेवून, मी रोज दुपारी तिच्या हातची राणी घेत होते.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तिच्याकडून आमंत्रण आलं ते वेगळं होतं. चौघांचा डाव. विरुद्ध दोन अनोळखी पोरं, आणि तिनं मागितलेला पार्टनर ‘पाहुणा ३१७’.

मी आमंत्रण पुन्हा वाचलं. मग होकार दिला. बोर्डाच्या वरच्या बाजूला ती, खालच्या बाजूला मी. चोवीस वर्षांनी समोरासमोर. आम्ही काय खेळलो म्हणून सांगू! ती वाट मोकळी करत होती, मी घालत होते, जणू मधे काही झालंच नव्हतं. पोरांना दम घ्यायला मिळाला नाही. शेवटी आमची एक सोंगटी उरली, पोरांच्या दोन, आणि राणी. राणी वरच्या बाजूला, निमाच्या रेषेच्या मागे, फ्रेमला चिकटून.

पाळी निमाची. तिथे फटका मारायला पंधरा सेकंद मिळतात, नावाभोवती एक हिरवं वर्तुळ कमी कमी होत जातं. निमानं स्ट्रायकर हलवला नाही. तिच्या नावाशेजारी एक पिवळा चेहरा आला. काळा चष्मा घातलेला.

मी पाहुणी नव्हतेच तर. तिला माहीत होतं. इतके दिवस मला जवळ येऊ देऊन, नेमकी तशीच राणी पडायची वाट बघून, तिनं मला भर डावात विचारलं होतं, ‘चष्मा वर केलास ना?’

वर्तुळ अर्धं झालं. तिनं पुन्हा तोच चेहरा पाठवला. ती स्ट्रायकर धरून थांबली होती. मला तेव्हा वाटलं, ती माझ्या तोंडून कबुली काढतेय. मी फोन हातात धरून बसले. बोट काचेच्या वर, पण खाली टेकेना. वर्तुळ लाल झालं, संपलं. पाळी गेली. दोन पाळ्यांनी त्या पोरांनी राणी घेतली आणि आम्ही हरलो. निमानं या वेळी हसरा चेहरा पाठवला नाही. ठिपका गेला.

मी दुसऱ्यांदा गप्प बसले होते. पंख्याकडे न बघता, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मी दोनपर्यंत थांबले नाही. बाराला तिला फोन लावला.

“कोण?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कोण बोलतंय?” मग लगेच, “हेमे, तूच ना?”

“कधी ओळखलंस?”

“पहिल्याच दिवशी. डाव्या टोकाला जाऊन ब्रेक करणारी माणसं जगात किती असतील? सर ओरडून ओरडून दमले, मधून फोड, मधून फोड.” ती हसली. आवाज जाडसर झाला होता, हसणं तेच. “पाय कसा आहे?”

“पायाचं कसं कळलं तुला?”

“लता म्हणाली. चिपळुणात काय लपून राहतंय?”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यात बोलायला कुठे येतं? नुसती पिवळी तोंडं पाठवायची. आणि म्हटलं, हिला पाहुणीच राहायचंय तर राहू दे.”

ती इतकी सहज बोलत होती, की मी तिथेच थांबायला हवं होतं. काय खातेस, मुलं किती, असं काहीतरी विचारायला हवं होतं. पण मी रात्रभर वाक्यं जुळवली होती.

“निमा, काल तू चष्मा पाठवलास.”

“हं.”

“फायनलला मी चष्मा वर केला होता. एसटीत मी नाही म्हणाले ते खोटं होतं.”

“ते मला माहीतच आहे गं.”

“नाही, पुरतं ऐक. केला होता, पण ती खूण नव्हती. घामानं घसरला होता, म्हणून बोटानं वर केला. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. राणी तू घे असं मला म्हणायचंच नव्हतं. म्हणजे घाई तुझी नव्हती, चूक माझी होती. मुलाखतीत मी हे बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. नोकरी घेतली.”

झालं. चोवीस वर्षांचं ओझं छातीवरून उतरलं असं मला वाटलं. आता ती चार शिव्या देईल, रडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. तिन्हीची माझी तयारी होती. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे तू सांगितलंच नव्हतंस?” ती म्हणाली.

“नाही ना. तेच तर.”

“नुसता घसरला होता.”

“हो.”

“मी पण वेडीच,” निमा म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. “मला वाटत होतं, तू राणी मला दिलीस. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही फायनलला. मी दोनदा बघितलं, खरंच देतेय का. तू नंतर उलटलीस त्याचा राग आला, नाही असं नाही. चार वर्षं आला, मग गेला. घाबरली असेल म्हटलं. पण त्या एका फटक्याला हेमाला वाटलं होतं, की ही घेईल. इथे यांनी कधी चारचौघांत तुला काय कळतं म्हटलं ना, की मी मनात म्हणायचे, मला हेमांगी शिगवणनं राणी दिली होती. माझ्याकडून चुकली, पण दिली होती.”

“निमा—”

“काल तशीच पडली, म्हणून म्हटलं विचारावं. ‘घेऊ का’ म्हणून. या वेळी नसती चुकवली मी.”

“दिली असती,” मी म्हटलं. “तेव्हाही नीट विचार केला असता तर दिली असती मी तुला.”

“नाही गं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. “तू राणी कुणाला देत नव्हतीस.”

पुन्हा शिट्टी झाली.

“भात झाला. ठेवते. पायाला जप.”

दोनला मी खेळ उघडला आणि तिच्या नावावर काळ्या चष्म्याचा चेहरा पाठवला. अडीचपर्यंत वाट बघितली. ठिपका हिरवा झाला नाही, त्या दिवशी नाही आणि प्लास्टर निघेपर्यंतही नाही. मी पुन्हा फोन केला नाही. काय म्हणून करणार होते? खरं होतं ते मी सांगून टाकलं होतं, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, आणि तिच्याकडे होतं तेवढंही काढून घेतलं होतं.

आता त्यालाही सात वर्षं झाली. मी अजून तो खेळ खेळते. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला, चौघांचा डाव, पार्टनर कोण येईल तो. नागपूरचा, नांदेडचा, कधी परमुलखातला, सगळी पोरंच. राणी मोकळी झाली आणि पाळी पार्टनरची असली, की मी त्याला काळ्या चष्म्याचा चेहरा पाठवते. पाळी माझी असली तर फटका बाजूला मारून राणी त्याच्यासाठी सोडते, आणि मग पाठवते. बहुतेक जण चुकवतात. मी पुन्हा पाठवते. त्यांना वाटतं, पाहुणा ऐट करतोय.